केझिया : सुगंधाचे नाव आणि मुलीची वाटणी



बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेब बाळाचे नाव विचारतात आणि आईवडील ते मोठ्याने सांगतात. रूथ, एस्तेर, मार्था, मरियम अशी नावे ऐकून कुणाची मान वळत नाही. पण मध्यंतरी एका आईने ‘केझिया’ असे सांगितले आणि मागच्या बाकांवर कुजबुज झाली. उपासना संपल्यावर एका आजींनी आम्हाला गाठून विचारले, “काय हो, हे नाव शास्त्रातलं आहे की इंग्लिश सिनेमातलं?”

नाव शास्त्रातलेच आहे. त्या दिवशी आम्ही आजींना एवढेच सांगितले. पण घरी आल्यावर ईयोबाचे पुस्तक उघडले, मग आणखी काही पुस्तके चाळली, आणि या लहानशा नावामागे बराच मोठा इतिहास आहे असे दिसले. तो आज आपल्यापुढे ठेवत आहोत. शेवटी एक प्रश्नही आहे. तो आम्हाला स्वतःलाच टोचला, म्हणून तुम्हालाही सांगावासा वाटतो.

ईयोबाची दुसरी मुलगी

ईयोबाच्या ४२व्या अध्यायात संकटांचा शेवट होतो. देव ईयोबाला पूर्वीपेक्षा दुप्पट देतो. चौदा हजार मेंढरे, सहा हजार उंट, बैलांच्या हजार जोड्या, हजार गाढवी. मुले मात्र दुप्पट होत नाहीत. पूर्वीसारखेच सात मुलगे आणि तीन मुली. लेकरांची भरपाई दुपटीने होत नसते, हे ज्यांनी लेकरू गमावले आहे त्यांना सांगावे लागत नाही.

पुढे एक आश्चर्याची गोष्ट आहे. सात मुलग्यांपैकी एकाचेही नाव लेखक सांगत नाही. तिन्ही मुलींची नावे मात्र सांगतो : पहिली यमीमा, दुसरी कसीया, तिसरी केरेन-हप्पूक. वंशावळीत बापापासून मुलग्याकडे नावे मोजत जाण्याचा तो काळ होता. तिथे मुलगे बिननावाचे आणि मुली नावानिशी, असे क्वचितच आढळते. आपण जिला कसीया वाचतो तिलाच इंग्रजीतून केझिया म्हणतात.

कसीया हा मूळ इब्री शब्द एका सुगंधी सालीचा आहे. दालचिनीच्या जातीचे झाड, बाजारात जिला तज म्हणतात तशी त्याची साल. झाडावरून सोलून काढायची, वाळवायची, मग तिचा दरवळ सुटतो. ४५व्या स्तोत्रात राजाच्या वस्त्रांना बोळ आणि अगरू यांच्याबरोबर याच सालीचा सुवास येतो. तेच स्तोत्र इब्री लोकांस पत्राच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशूला लावलेले आहे. त्या काळी हा माल दूरदेशाहून येई आणि फार महाग असे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने तर लिहून ठेवले आहे की ही साल एका तळ्यात उगवते, वटवाघळासारखे पंख असलेले प्राणी तिची राखण करतात आणि ती काढणाऱ्यांना डोळे सोडून सारे अंग कातड्याने झाकून घ्यावे लागते. आज अशा गोष्टी ऐकून हसू येते, पण मालाची किंमत किती असेल ते यावरून कळते. आपल्या ‘दालचिनी’ या शब्दाचा फारसी अर्थही ‘चीनचे लाकूड’ असा आहे. दूरवरून आलेली वस्तू हेच त्यातही सांगितले आहे.

आता हे नाव ठेवणारा बाप कोण होता ते आठवा. सातव्या अध्यायात तो म्हणतो की त्याच्या देहावर किडे पडले आहेत. एकोणिसाव्यात म्हणतो की त्याचा श्वास त्याच्या बायकोलाही नकोसा झाला आहे. राखेत बसून खापरीने अंग खाजवणारा हा माणूस. देवाने त्याला उठवल्यावर घरात मुलगी जन्मली आणि त्याने तिचे नाव सुगंधावरून ठेवले. बाकीची दोन नावेही अशीच वाचता येतात. यमीमाचा अर्थ कुणी कबुतर सांगतात. जुन्या भाषांतरकारांनी तो ‘दिवस’ असा घेतला. ज्याने तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, त्याच्या घरी ‘दिवस’ जन्माला आला. केरेन-हप्पूक म्हणजे काजळाचे शिंग, आपल्या भाषेत काजळाची डबी. रडून रडून ज्याचा चेहरा लाल झाला होता, त्याने मुलीच्या डोळ्यांतले काजळ पाहिले. ही नावे म्हणजे एका बापाने देवापुढे दिलेली साक्षच आहे असे आम्हाला वाटते.

आणि नावांच्या लगेच पुढे ते वाक्य येते, ज्यावरून आपण बहुधा भरभर वाचत जातो. ईयोबाने या मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून वतन मागतात आणि देव त्यांची बाजू घेतो. पण तो नियम मुलगा नसेल तेव्हासाठी होता. ईयोबाला तर सात मुलगे होते. कुठल्याही नियमाने त्याला मुलींना वाटा द्यायला भाग पाडले नव्हते, तरी त्याने दिला.

एका भाषांतराने नाव राहिले, दुसऱ्याने गेले

हे नाव मग इतके दुर्मिळ का? याचे एक कारण भाषांतरात सापडते. ख्रिस्तापूर्वीच्या ग्रीक भाषांतरात या बहिणींची नावे नुसती उतरवली नाहीत, त्यांचे अर्थ दिले. यमीमाची ‘हेमेरा’ म्हणजे दिवस झाली. केरेन-हप्पूकचे तर ‘अमाल्थियाचे शिंग’ झाले. ग्रीक कथांमधल्या, कधी रिकाम्या न होणाऱ्या शिंगाचे ते नाव. कसीया मात्र कसीयाच राहिली, कारण त्या सालीला ग्रीकमध्येही तोच शब्द होता. पुढे जेरोमने लॅटिन शास्त्र तयार केले तेव्हाही अर्थच दिले : दिवस, कॅसिया, काजळाचे शिंग. हजार वर्षांहून अधिक काळ पश्चिम युरोपच्या मंडळीने हेच लॅटिन शास्त्र ऐकले. दिवस किंवा शिंग असे नाव लेकीला कोण ठेवणार? शिवाय बाप्तिस्म्याला संतांचे नाव ठेवण्याची रीत होती आणि ईयोबाच्या मुली संतांच्या यादीत नव्हत्या. गोव्यातल्या आपल्या कॅथलिक बंधुभगिनींच्या जुन्या घराण्यांत मारिया, आना, रोझा ही नावे पिढ्यानपिढ्या चालत आली. त्यांत केझिया का दिसत नाही, त्याचे मूळ इथेच असावे.

सोळाव्या शतकात इंग्रजी शास्त्रे थेट इब्रीवरून होऊ लागली. १५६० चे जिनिव्हा बायबल आणि १६११ चे राजा जेम्सचे भाषांतर यांनी तिन्ही नावे इब्री उच्चाराप्रमाणे छापली. ज्या घरांत रोज शास्त्र वाचले जाई, त्या प्युरिटन घरांनी ती उचलली. संतांच्या नावांऐवजी त्यांना शास्त्रातली नावे हवी होती, मग ती कितीही अनोळखी असोत. अशी केझिया इंग्लंडच्या खेड्यांत आली आणि तिथून समुद्रापार अमेरिकेत गेली. नानटकेट बेटावर अठराव्या शतकात केझिया फोल्जर कॉफिन नावाची बाई मोठा व्यापार करत होती. इंग्लंडमधल्या फिरस्त्या रोमानी लोकांतही हे नाव रुजले आणि त्याचे लाडके रूप ‘किझी’ झाले. तरी मेरी, ॲन किंवा एलिझाबेथसारखे ते घरोघर कधीच पोहोचले नाही.

कसीयाने विचारलेला प्रश्न

आता जरा मागे जाऊ. ख्रिस्तकाळाच्या आसपास कुणा यहूदी लेखकाने ग्रीकमध्ये ‘ईयोबाचे मृत्युपत्र’ नावाचे पुस्तक लिहिले. ते पवित्र शास्त्राचा भाग नाही, पण त्या काळचे भाविक लोक ईयोबाची गोष्ट कशी सांगत होते ते त्यातून दिसते.

त्या पुस्तकात ईयोब मरणाच्या दारी आहे. तो आपली मालमत्ता वाटतो, पण फक्त सात मुलग्यांना. मुली रडवेल्या होऊन विचारतात की आम्हीही तुमचीच मुले नाही का. ईयोब म्हणतो, रागावू नका, तुमच्यासाठी मी भावांपेक्षा चांगले वतन ठेवले आहे. मग तो तीन झळाळते गोफ काढून तिघींना देतो. तेव्हा कसीया बोलते. दुसरी मुलगी, आपली केझिया. ती विचारते की भावांपेक्षा चांगले वतन ते हेच का, या गोफांवर आम्ही पोट कसे भरणार?

बाप समजावतो की देवाने मला याच गोफांनी बरे केले, यांनी तुम्ही स्वर्गीय गोष्टी पाहाल. मुली ते अंगाभोवती बांधतात, त्यांचे मन पालटते आणि त्या देवदूतांच्या भाषेत देवाची स्तुती गाऊ लागतात. गोष्ट गोड आहे. लेखकाने स्त्रियांच्या भक्तीला मोठा मान दिला आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण शास्त्राशेजारी ठेवून वाचले तर काय घडले ते दिसते. शास्त्रातल्या ईयोबाने मुलींना भावांबरोबर वतन दिले होते. या पुस्तकाने ते वतन मुलग्यांना दिले आणि मुलींच्या हाती आशीर्वाद ठेवला. लेखकालाही ते खटकले असावे, नाहीतर त्याने कसीयाच्या तोंडी तो प्रश्न घातला नसता.

नाव तेच, सुगंध तोच. गेली ती वाटणी.

एपवर्थची केझिया

हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या आध्यात्मिक घराण्यातही आहे. जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची सर्वांत धाकटी बहीण केझिया, घरच्यांची ‘केझी’. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये सुरू केलेले काम १९०४ मध्ये अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे आले. तेव्हापासून तिथल्या मेथडिस्ट मंडळीचे नाते या वेस्ली घराशी जोडले गेले.

तिचे वडील सॅम्युएल वेस्ली इंग्लंडमधल्या एपवर्थ गावाचे पाळक. ईयोबाच्या पुस्तकावर त्यांनी कित्येक वर्षे खपून लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आला. अशा माणसाने लेकीला ईयोबाच्या लेकीचे नाव द्यावे यात नवल नाही. फेब्रुवारी १७०९ मध्ये पाळकांचे घर जळाले. पाच वर्षांच्या जॉनला खिडकीतून बाहेर काढले, ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेत ऐकली आहे. त्या रात्री आई सुझाना गरोदर होती. पुढच्या महिन्यात तिला मुलगी झाली, ती केझिया. सारे गमावलेल्या घरात जन्मलेली, अगदी ईयोबाच्या मुलीसारखीच.

तिच्या वाट्याला वतन मात्र आले नाही. सॅम्युएल आयुष्यभर कर्जात होते, कर्जापायी लिंकनच्या तुरुंगातही जाऊन आले होते. १७३५ मध्ये ते वारले तेव्हा वाटायला काही नव्हते. भाऊ ऑक्सफर्डला शिकले. बहिणींना आईने घरीच शिकवले आणि उत्तम शिकवले, पण पुढचा रस्ता त्यांना नव्हता. केझियाने लिंकनला मुलींच्या शाळेत मदतनीस म्हणून काम केले. वेस्टली हॉल नावाचा जॉनचा एक विद्यार्थी होता. त्याने आधी तिची बहीण मार्था हिच्याशी गुपचूप लग्न ठरवले, मग एपवर्थला येऊन केझियाला मागणी घातली आणि १७३५ मध्ये शेवटी मार्थाशीच लग्न केले. केझिया अविवाहित राहिली. स्वतःचे घर नाही, स्वतःचे उत्पन्न नाही, नातलगांच्या आधाराने दिवस काढायचे. मार्च १७४१ मध्ये ती वारली, वय अवघे बत्तीस. तिच्या भावांची उपदेशवचने आणि गीते जगभर पोहोचली. तिला क्वचितच कुणी आठवते.

गुलामगिरीतली किझी

अमेरिकेत हे नाव गुलाम म्हणून राबणाऱ्या काळ्या स्त्रियांमध्येही होते. तिथे त्याची थट्टाच झाली म्हणायची. व्हर्जिनियात १६६२ मध्ये कायदा झाला की मूल आईच्या स्थितीत जन्मते. आई गुलाम असेल तर मूलही गुलाम. म्हणजे ज्या नावाच्या पहिल्या मुलीला बापाने वतन दिले, त्या नावाच्या या मुलींना वारशाने फक्त बेडी मिळाली. त्या कुणाच्या वारस होऊ शकत नव्हत्या. उलट मालक मेला की त्याच्या गुराढोरांबरोबर त्यांचीच वाटणी होई.

१९७६ मध्ये अलेक्स हेली यांची ‘रूट्स’ ही कादंबरी आली आणि १९७७ च्या जानेवारीत तिच्यावरची दूरदर्शन मालिका अमेरिकेने घरोघरी बसून पाहिली. तिच्यात कुंटा किंटे आपल्या मुलीचे नाव किझी ठेवतो. कादंबरीत तो त्याला स्वतःच्या मांडिंका भाषेतला अर्थ देतो : जागची हलू नकोस, इथेच राहा. मुलीला कुणी विकून दूर नेऊ नये ही बापाची आशा. पण ती सोळा वर्षांची असताना तिला विकले जाते. त्या वर्षी अमेरिकेत किझी हे नाव अचानक शेकडो बाळांना ठेवले गेले. थोड्या वर्षांत ती लाट ओसरली. तेवढा काळ मात्र अनेक आईबापांनी हे नाव अभिमानाने घेतले. त्यांच्या आजी-पणजींना जे मिळाले नाही त्याची आठवण त्यात होती.

आपल्या घरातली केझिया

आपल्या मराठी मंडळीत नावांची रीत थोडी वेगळी होती. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेऊनही बाबा पदमनजीच राहिले. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंनीही आपली नावे सोडली नाहीत. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला तेव्हा मेरी रमा असे नाव दिले गेले, पण आपण त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखतो. त्यांची लेक मनोरमा. शास्त्रातली नावे आणि मायबोलीतली नावे आपल्या घरांत शेजारी शेजारी नांदली. आता तरुण आईबाप शास्त्र उघडून नवी नावे शोधतात, याचा आम्हाला आनंदच आहे.

पण केझिया हे नाव ठेवताना ४२व्या अध्यायाचे चौदावे वचन वाचून थांबू नये. पंधरावेही वाचावे. वाटणीची गोष्ट तिथे आहे.

कायदा या बाबतीत आपल्या मागे नाही, पुढेच आहे. बापाने मृत्युपत्र केले नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती कुटुंबात विधवेला एक तृतीयांश मिळते आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे वाटले जाते. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच मुलामुलींना समान वाटा आहे आणि आईबापाला अर्धीच मालमत्ता मनाप्रमाणे देता येते. त्रावणकोरच्या ख्रिस्ती लोकांना मात्र १९१६ चा वेगळा कायदा होता. त्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळे. केरळच्या शिक्षिका मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सलाफहादाच्या मुलींप्रमाणे एक ख्रिस्ती लेक उभी राहिली आणि तिचे म्हणणे खरे ठरले.

कायद्याचा प्रश्न असा सुटलेला आहे. उरला आहे तो घरातला. आपल्याकडे मुलीला कुणी ‘नाही’ म्हणत नाही. तिला प्रेमाने बोलावतात, साडी-चोळी करतात, जेवू घालतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. “तुझं लग्न थाटात करून दिलं की नाही, ताई? माहेर तुटायला नको ना?” ती सही करते. माहेर राहावे म्हणून करते. मंडळीतले आपणही त्याला समजूतदारपणा म्हणतो. आम्हीही म्हटले आहे. आमच्याच घरात अशी सही झाली आहे. तेव्हा आम्ही चहाचे कप उचलत होतो आणि काही बोललो नाही. हे लिहिताना त्याची लाज वाटते.

काही बहिणी मनापासून आपला वाटा सोडतात, भाऊ अडचणीत असतो म्हणून सोडतात. ती त्यांची देणगी आहे, आणि देणगीला देव जाणतो. पण देणगी देण्याआधी ती वस्तू आपली आहे हे तिला कुणी सांगितले पाहिजे. ईयोबाने आधी वतन दिले. पुढे त्या मुलींनी त्याचे काय केले, हे शास्त्र विचारतही नाही.

ज्याने राखेत बसून देवाशी वाद घातला, त्याचे उरलेले आयुष्य कसे होते, याबद्दल शास्त्र फार थोडे सांगते. त्या थोडक्यात हे आवर्जून येते : त्याने मुलींना नावे दिली आणि वाटा दिला. दुःखातून गेलेल्या माणसाला देवाने काय शिकवले, त्याचा हा पुरावा. पौल गलतीकरांस सांगतो की ख्रिस्तामध्ये पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही, आणि त्याला जोडूनच सांगतो की आपण वचनानुसार वारस आहोत. वारस हा शब्द स्वर्गासाठी खरा असेल तर सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी खोटा कसा?

आजी, तुमच्या प्रश्नाचे हे लांबलेले उत्तर. नाव शास्त्रातले आहे, फार जुने आहे, त्याला सुगंध आहे. ते लेकरू मोठे होईल, एक दिवस शास्त्र उघडेल आणि आपले नाव शोधेल. पुढची ओळही वाचेल. त्या दिवशी तिने आपल्याला कसीयाचा तो प्रश्न विचारू नये, एवढे आपण आजपासून करू शकतो.

हे दयाळू पित्या, आमच्या लेकींना तू नावानिशी ओळखतोस. त्यांना नाव देताना आमचे मन जसे मोठे होते तसे वाटा देतानाही मोठे होऊ दे. ज्यांनी गप्प राहून सही केली त्या आमच्या बहिणींचे सांत्वन कर, आणि आम्ही गप्प राहिलो त्याची आम्हाला क्षमा कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.